एनजीसी ४४४९ : एच-अल्फातून लाल वजा केल्यावर

श्यामशबल तारकासमूहात सगळे एम ५१ या मोठ्या सर्पिल दीर्घिकेच्या मागे असतात. मी सध्या चारा ताऱ्याच्या उत्तरेला जेमतेम तीन अंशांवरची एनजीसी ४४४९ ही बुटकी दीर्घिका धरून बसलोय. अंतर साधारण सव्वा कोटी प्रकाशवर्षं. ८ इंची न्यूटोनियन, मोनो कॅमेरा, ७ नॅनोमीटरचा एच-अल्फा फिल्टर, म्हणजे नव्या ताऱ्यांभोवती चमकणाऱ्या हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा आत सोडणारा.

या खेपेला लाल फिल्टरच्या फ्रेम्स एच-अल्फातून वजा केल्या. जुने तारे गेले, उत्तरेकडच्या भडक गाठी आणि त्यांतून निघालेले धागे उरले. दीर्घिका सेकंदाला सुमारे २०० किमी वेगाने दूर जातेय, पण त्याने एच-अल्फाची रेषा, म्हणजे त्या प्रकाशाची ठरलेली तरंगलांबी, अर्धा नॅनोमीटरही सरकत नाही. नायट्रोजनच्या रेषाही याच फिल्टरमध्ये घुसतात. इथे नायट्रोजनसारखी जड मूलद्रव्यंच कमी, म्हणून फारसं बिघडत नाही. एम ५१च्या गाभ्यात हाच हिशेब चुकेल.

आता अरुंधती केश तारकासमूहातली दुसरी बुटकी दीर्घिका, डीडीओ १५४ बघा. ताऱ्यांपेक्षा वायू कितीतरी जास्त, तरी नवे तारे तुरळक. म्हणजे नुसता साठा असून भागत नाही. श्मिट (१९५९) आणि केनिकट (१९९८) यांचा नियम, म्हणजे नवे तारे बनण्याचा दर वायूच्या पृष्ठघनतेच्या (दर चौरस क्षेत्रातल्या वस्तुमानाच्या) सुमारे १.४ घातात, तबकडीसारख्या मोठ्या दीर्घिकांना चांगला लागू पडतो. बुटक्या दीर्घिकांत तो डळमळतो. धूळ कमी, त्यामुळे हायड्रोजनचे रेणू जुळायला कण नाहीत आणि अतिनीलापासून आडोसाही नाही. वायू थंड होऊन दाटतच नाही. दाटलाच, तर पहिल्या महाताऱ्यांचे स्फोट उरलेला वायू उधळतात, कारण धरून ठेवायला गुरुत्व तोकडं. दूध उतू जाऊन शेगडीच विझावी तसं.

मग ४४४९ एवढी पेटलेली का? माझा कौल बाहेरच्या धक्क्याला. तिच्या भोवतीचा हायड्रोजन दूरवर विस्कटलेला आहे, आणि २०१२मध्ये तिच्याशेजारी फाटत चाललेल्या छोट्या दीर्घिकेचा पट्टा जाहीर झाला. त्यातली खोल छायाचित्रं जे गॅबनी या हौशी निरीक्षकाच्या अर्ध्या मीटरच्या दुर्बिणीतली! खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने अशा फिक्या दीर्घिकांचा वायू मोजलाय, तो डेटाही चाळतोय.

पुढचं काम गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीच्या अतिनील प्रतिमेशी तुलना. एच-अल्फा गेल्या कोटभर वर्षांचं सांगतं, अतिनील दहा कोटींचं. गुणोत्तरावरून दर चढतोय की उतरतोय ते कळावं. गॅलेक्सची प्रतिमा पाचेक आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) ढोबळ, तेव्हा आधी माझीच तेवढी धूसर करून घेतो.