रविवारची लीग आणि लुक्काचे आजोबा

अमेरिकेत फुटबॉल पेलेने आणला आणि मेस्सीने वाढवला असं परवा ऑफिसात परत कोणीतरी बोललं, तेव्हा मी गप्प बसलो पण डोक्यातून जाईना म्हणून आज लिहितोय. सॅन फ्रान्सिस्कोची हौशी लीग १९०२ पासूनची आहे राव, पेलेचा जन्मच १९४०चा!

इथल्याच बाल्बोआ पार्कच्या बॉक्सर स्टेडियमवर रविवारी एक इटालियन आजोबा भेटतात. लुक्काजवळच्या खेड्यातले. अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्याने देशनिहाय कोटा गेला त्यानंतर आले. पहाटे कचऱ्याच्या ट्रकवर काम (इथल्या कचरा कंपन्या तेव्हा इटालियन कामगारांच्याच, शेअर घेऊन भागीदार व्हायचे) आणि रविवारी मॅच. इंग्रजीचा पत्ता नाही, पण क्लबात ओळखी झाल्या, खोली मिळाली, नोकरी पण तिथूनच लागली, लग्नसुद्धा क्लबाच्या एका जेवणावळीतच जमलं म्हणे.

गुडघा गेला तसे रेफ्री झाले, मग मॅनेजर, मग काय पडेल ते. प्लेयर कार्ड तपासायची, जाळ्या बांधायच्या, चुन्याच्या रेघा मारायच्या, येणार म्हणून न आलेल्या गोलकीपरला फोन करून झोपेतून उठवायचं. पैसा शून्य, शिव्या भरपूर. कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला लागत नाही, आमच्याकडचे फुटबॉल क्लब, पाटाकडील काय, शिवाजी तरुण मंडळ काय, सगळं अशाच माणसांवर उभं आहे.

१९७६ला याच लीगमधल्या इटालियन क्लबाने सॅन फ्रान्सिस्को ए.सी. नावाने राष्ट्रीय कप जिंकला, तोच कप ज्याला आज यूएस ओपन कप म्हणतात आणि जो १९१४ पासून चालू आहे. आजोबा ते सांगताना गोल कसा झाला ते सांगत नाहीत, कोण कोण शिफ्ट बदलून आलं होतं ते सांगतात. मला हे फार आवडलं.

आणि बघा ना, पेले ज्या लीगमध्ये खेळून गेला ती मोठी लीग १९८४च्या सीझननंतर बंद पडली, आत्ताची मोठी लीग एमएलएस सुरू झाली १९९६ला, मग मधली वर्षं खेळ कोणी जिवंत ठेवला? टीव्हीवाल्यांनी तर नाही. तरी उगाच देव्हाऱ्यात बसवायला नको, क्लबाक्लबांत भांडणं होतीच, ग्रीक विरुद्ध इटालियन विरुद्ध साल्वाडोरचे लोक, कधी हाणामारीपर्यंत. आणि आजोबांच्या बायकोने किती रविवार एकटीने काढले ते कोण विचारतं.

१९९४च्या वर्ल्ड कप फायनलचं मी मुद्दाम काढलं, पासाडेनात इटलीच्या बाज्जिओने पेनल्टी गोलपोस्टच्या वरून घालवली ती. चिडतील वाटलं होतं. म्हणाले, "अरे, नायजेरियाविरुद्ध शेवटी शेवटी त्याने बरोबरी केली नसती तर आम्ही तिथंच घरी गेलो असतो, फायनल कसली घेऊन बसलास."

आता माझ्या मागे लागलेत, रेफ्रीचा कोर्स कर म्हणून. तरुण पोरं शिट्टी धरायलाच तयार नाहीत हे त्यांचं जुनं दुखणं. फॉर्म आणून दिलाय, बॅगेत आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.