कौलांवरची फांदी आणि बंदरावरचा दोर

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, ठिकाण दापोली तालुक्यातली आंजर्ल्याजवळची एक वाडी. आदल्या रात्री वळवाने झोडपलं होतं आणि परसातल्या रायवळ आंब्याची घरावर आलेली फांदी बुंध्याशी चिरली होती. पडली नव्हती. नुसती चिरली होती, आणि पडलेल्या फांदीपेक्षा अशा फांदीचं काम वाईट. पडलेल्या फांदीचा जोर संपलेला असतो, चिरलेलीचा अजून शिल्लक असतो.

मापं अशी होती. बुंध्याचा घेर तीन मीटरच्या आसपास. फांदी जमिनीपासून सहा मीटरवर फुटलेली, मुळाशी 40 सेंटीमीटर जाड, नऊ-साडेनऊ मीटर लांब. तिच्या टोकाचा तिसरा हिस्सा बांडगुळाने भरलेला. खाली चिरेबंदी घराची मंगलोरी कौलं, फांदी आणि कौलं यांत जेमतेम दोन मीटर अंतर. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला खांबावरून घरात आलेली विजेची तार.

ओलं आंब्याचं लाकूड किती जड, हा हिशेब करवत हातात घेण्याआधी करायचा. दोरावर चढून झाडं तोडणारे आम्ही ते पाण्याइतकं जड धरतो. थोडं जास्त धरलं जातं, पण चूक सुरक्षित बाजूला राहते. 20 सेंटीमीटर जाडीचा एक मीटर तुकडा म्हणजे तीस किलो, 30 सेंटीमीटरचा सत्तर, 40 सेंटीमीटरचा सव्वाशे. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं, हे डोळ्याला पटत नाही. ‘एवढासा तर ओंडका’ म्हणणाऱ्याला मी एकदा एक टोक उचलायला लावतो.

घरमालक काकांनी शेजाऱ्याची करवत आणून ठेवली होती. निसर्ग वादळानंतर, म्हणजे जून 2020 नंतर, या पट्ट्यात घरोघरी पेट्रोल करवती आल्या. त्यांतल्या बहुतेक 58 सीसी, 22 इंची पात्याच्या स्वस्त मशीन. जमिनीवर पडलेला फणस तोडायला ठीक, पण दोरावर लटकून वापरायला ती वस्तू नव्हेच. पातं लांब, वजन पुढे, आणि पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला टेकला की करवत उसळून तोंडाकडे येते. झाडावर आम्ही 35 सीसीची, वरून मूठ असलेली, 12 इंची पात्याची करवत नेतो, तीही कमरेला दोरीने बांधून. साखळीचा ब्रेक चालतो की नाही, हे प्रत्येक वेळी चढण्याआधी बघायचं: मशीन जमिनीवर धरून चालू करायची, पूर्ण रेस द्यायची आणि मनगटाने ब्रेक पुढे ढकलायचा. साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. शेजाऱ्याच्या मशीनची थांबली नाही. ती पडवीतच राहिली.

सकाळचा पहिला तास तोडण्यात गेला नाही. लाइनमनला बोलावून खांबावरून घराची तार सोडवून घेतली. नुसता मेन स्विच पाडून भागत नाही, कारण खांबापासून मीटरपर्यंतची तार जिवंतच राहते. मग बुंधा लाकडी हातोडीने ठोकत फिरलो. भरीव लाकडाचा आवाज टणक, पोकळाचा ढोलासारखा. चिरलेल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर भिरूडाची, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्याची, भोकं होती आणि खाली ताजा भुसा पडलेला. ओलसर भुसा म्हणजे अळी आत जिवंत आहे. म्हणजे त्या अंगाच्या कुठल्याच फांदीवर जीव टांगायचा नाही. समोरच्या अंगाची सरळ वर गेलेली फांदी ठणठणीत वाजली. तिच्या अकरा मीटरवरच्या बेचक्यात माझा दोर आणि त्याच्या जरा खाली ओझ्याची कप्पी, असं ठरलं. चढणाऱ्याचा आधार आणि ओझ्याचा आधार वेगवेगळे असावेत. एकाला काही झालं तर दुसरा राहतो.

बेचक्यात दोर घालायला 300 ग्रॅमची वाळूची पिशवी आणि दोन मिलिमीटरची बारीक दोरी. वाडीतला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, बघत उभा होता. तिसऱ्या फेकीला पिशवी बरोबर बसली तेव्हा म्हणाला, “मी एव्हाना चढून खाली आलो असतो.” खरंच आला असता. पायात दोरीचं कडं घालून नारळ-पोफळीवर तो ज्या वेगाने चढतो तो आमच्या कुठल्याही सामानाला गाठता येणार नाही. पण तो कोयता एका हाताने चालवतो. करवतीला दोन्ही हात लागतात, आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे तर अंग दोन ठिकाणी बांधलेलं हवं: एक वरच्या बेचक्यातला 13 मिलिमीटरचा दोर, दुसरा कमरेचा पट्टा-दोर, ज्याच्या आत पोलादी तार असते. करवत चुकून लागली तरी तो एका फटक्यात तुटत नाही. बुटांना खिळे लावून चढणं फक्त मुळापासून तोडायच्या झाडावर. जिवंत आंब्याला प्रत्येक खिळा म्हणजे भिरूडाला उघडलेलं दार.

चढल्यावर पहिलं काम बांधायचं. चिरलेल्या जागी 50 मिलिमीटर रुंदीचे दोन रॅचेट पट्टे (दांड्याने आवळत जाणारे) आवळले, एक चिरेच्या तोंडाशी आणि एक अर्ध्या मीटरवर. चीर मिटत नाही, पण तोडताना आणखी फाकत नाही. मग बांडगूळ. ते टोकाला असल्यामुळे त्याचं ओझं चिरेवर लांब दांड्याने जोर लावावा तसं येत होतं. फांदीवर पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून वरच्या दोरावर अंग झोकून हातकरवतीने आणि काठीच्या करवतीने बांडगुळाचे झुपके एकेक उतरवले. हातकरवत 33 सेंटीमीटरची, वाकड्या पात्याची, ओढताना कापणारी. मनगटाएवढ्या फांदीला तीच बरी, आवाज नाही आणि लाकूड कुरकुरलं तर ऐकू येतं. चिरलेल्या झाडावर कान हे मोठं हत्यार आहे. ओंबिलांनी, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांनी, मात्र मानेत शिरून अर्धा तास खाल्ला. त्यावर बंद गळ्याचा सदरा आणि सोसणं, यापलीकडे उपाय मला माहीत नाही.

आता दोरांचं. ओझं उतरवायचा आमचा दोर 12 मिलिमीटरचा, दुहेरी विणीचा पॉलिस्टर, 45 मीटर. वर कप्पी, खाली बुंध्याला स्लिंगने, म्हणजे जाड फासाने, बांधलेला पोलादी नळकांड्याचा ब्रेक. नळकांड्यावर दोराचे वेढे घेतले की घर्षणाने ओझं हलकं होतं: एका वेढ्याला साधारण पाचपट, दोन वेढ्यांना वीस-बावीसपट. शंभर किलोचा तुकडा दोन वेढ्यांवर पाच किलोच्या पिशवीसारखा हातात येतो. म्हणून नवखा माणूस घाबरून तीन-चार वेढे घेतो आणि तिथेच फसतो. दोर सरकतच नाही, तुकडा झटक्याने थांबतो आणि तो झटका वरच्या बेचक्याला बसतो. कप्पीवर तसंही ओझ्याच्या दुप्पट जोर येतो, कारण दोराच्या दोन्ही बाजू खाली ओढत असतात. झटक्यात तो किती होईल याचा नेम नाही. तुकडा आधी धावू द्यायचा, मग हळूहळू आवळायचा.

अडचण अशी, की कौलं दोनच मीटर खाली. दीड मीटरचा तुकडा एका टोकाला बांधून तोडला तर दुसरं टोक खाली झुलून कौलांत शिरणार. तुकडा आडवाच उतरवायचा, म्हणजे दोन दोर, दोन्ही टोकांना. आमचा दुसरा दोर आदल्या दिवसाच्या कामात घासून खराब झाला होता म्हणून आणला नव्हता. काकांचा पुतण्या हर्णै बंदरात जाऊन दोर घेऊन आला: निळा-पिवळा, 16 मिलिमीटरचा, ट्रॉलरवरचा. “अहो, होडी धरतो हा. फांदी काय घेऊन बसलात!”

त्याचं चुकलं नव्हतं. होडी धरताना दोर ताणून उभा राहतो, घासत धावत नाही. बंदरावर सगळेच त्याला नायलॉन म्हणतात, पण तो बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतो. ओळखायची रीत सोपी आहे. वीतभर तुकडा बादलीत टाका. तरंगला तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. पॉलिप्रॉपिलीन 165 अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिस्टर अडीचशेच्या पुढे. उन्हात पडून राहिलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या दोरावर बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला लागते. तो दोर बैलसुद्धा बांधायच्या लायकीचा राहिलेला नसतो. हा नवा होता, भुकटी नव्हती. बादलीत टाकायला मी सांगितलं नाही, ती माझी चूक.

पहिले तीन तुकडे तीस-चाळीस किलोचे, छान उतरले. चौथा सत्तर किलोचा. जाड टोकाला आमचा दोर: आधी एक अर्धी गाठ, तिच्यापुढे दोन फुटांवर सरकती बोलाईन (ओझ्याने आवळत जाणारा फास), म्हणजे ओझं दोन ठिकाणी वाटलं जातं आणि तुकडा निसटत नाही. बारीक टोकाला बंदरावरचा दोर. त्याला कप्पी नव्हती म्हणून तो नुसता बेचक्यातून घेतला होता आणि खाली बुंध्यालाच तीन वेढे. खालून दीड इंचाचा काप, मग जरा बाहेरच्या अंगाला वरून. लाकूड सुटलं. आमच्या दोराला दोन फूट ढील राहिली होती, त्यामुळे जाड टोक आधी खाली गेलं आणि झटका बंदरावरच्या दोराने घेतला. तीन वेढ्यांवर तो अडकून बसला. खालच्या माणसाने एक वेढा सोडला तसा एकदम धावला, बेचक्यातून पांढरा धूर निघाला, जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि दोर पुन्हा थांबला. वितळलेले पीळ चिकात आणि सालीत चिकटले होते. त्याने दोर झटकला, तो सुटला, आणि बारीक टोक मीटरभर खाली येऊन कौलांवर आपटलं. चार कौलं गेली. आत कोणी नव्हतं, घर सकाळीच रिकामं करून घेतलं होतं.

दोर उतरवून पाहिला. बेचक्यात बसलेला भाग हातभर लांब, काचेसारखा गुळगुळीत आणि कडक. वाकवला तर कडकड वाजत होता. असा दोर बाहेरून जाड दिसतो, पण त्याची ताकद किती उरली हे कुणी सांगू शकत नाही. जळका भाग कापून उरलेला पुतण्याला परत दिला, होडीसाठी.

पुढची पद्धत बदलली. उरलेली फांदी 60-70 सेंटीमीटरच्या तुकड्यांत. तेवढा आखूड तुकडा एकाच दोरावर उभा लटकला तरी कौलांना लागत नाही. काप वाढले, वेळ दुप्पट लागला, पण दुसऱ्या दोराची गरज संपली. प्रत्येक कापाआधी दोर खालून ताणून घ्यायचा, बोट मारलं तर तारेसारखा वाजेल इतका.

दुपारी करवत ओढायला लागली. भुशाऐवजी पीठ पडू लागलं की साखळी बोथट झाली समजायचं. बारीक साखळीला 4 मिलिमीटरची गोल कानस, .325 इंच मापाच्या साखळीला 4.8 ची, कोन 30 अंश, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात, कानस फक्त पुढे जाताना दाबायची. खोलीचा टेकू, म्हणजे दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवणारा त्याच्या पुढचा उंचवटा, दातापेक्षा 0.65 मिलिमीटर खाली हवा. तो जास्त खाली घासला तर करवत झटके देते. कोकणात साखळी लाकडाने कमी आणि जांभ्याच्या धुळीने जास्त मरते. ओंडका अंगणातून ओढत आणला की सालीत खडे बसतात. तोडण्याआधी कुंच्याने झाडून घ्या, आणि खाली दोन ओंडके आडवे टाका, म्हणजे पातं चिऱ्याला लागत नाही.

तेलाचं प्रमाण लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर, म्हणजे पन्नासास एक, चांगलं टू-स्ट्रोक तेल असेल तर. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे जूनपासून हवेत ओलावाच असतो. मिश्रण दिवसापुरतंच करावं. संध्याकाळी टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवावी. पावसाळाभर भरलेली ठेवलेली करवत दसऱ्याला चालू होत नाही, त्यात मशीनचा दोष नसतो.

शेवटचा काप बुंध्याजवळचा. चांगल्या फांदीला तिच्या मुळाशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेर तोडायचं, ती कड ठेवायची, जखम तिथूनच भरते. इथे चीर बुंध्यात हातभर उतरली होती, त्यामुळे निरोगी लाकूड लागेपर्यंत तासावं लागलं. भिरूडाच्या भोकांत वाकडी तार घालून दोन अळ्या काढल्या, करंगळीहून जाड. जखमेला बोर्डो पेस्ट लावली: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात. पाजळलेला सुरा मिनिटभर बुडवून बघायचा. त्याच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे. पेस्टने कूज थांबते असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी ओंडकेच्या ओंडके चिरून दाखवलं आहे की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत बांधतं, आणि ते काम त्याचं त्यालाच करावं लागतं.

काका विचारत होते की एवढं केलं तर झाडच का नाही काढत. आंबा आणि फणस 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय मुळापासून तोडता येत नाहीत. आणि उरलेला अर्धा ठणठणीत होता.

संध्याकाळी दोर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत टांगले. कॅराबिनर (दोराच्या खिट्टीच्या कड्या), कप्पी धुऊन पुसली, खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमच्या खिट्ट्या महिन्यात अडकू लागतात. चीक खोबरेल तेलाने निघतो, पण दोराला तेल लावायचं नाही, फक्त हाताला आणि पात्याला. काकांनी गोठ्यातून जुनी कौलं काढली. चारांतली दोन बसली. उरलेली दुसऱ्या कारखान्याची, त्यांच्या खाचा जुळेनात. तिथे ताडपत्री टाकून चारी कोपरे त्याच आंब्याच्या ओंडक्यांनी दाबले.