एम-१४ चा झोन आंबट निघाला

बुरश्यांतून प्रतिजैविक शोधताना मागच्या वेळी एम-१४ या बुरशीच्या १६ मिमी झोनचं, म्हणजे जीवाणू न वाढलेल्या स्वच्छ वर्तुळाचं, कौतुक जरा लवकरच झालं. तो झोन आम्लाचा होता.

आंब्याच्या ओंडक्यावरची ही बुरशी. लाकूड तपकिरी पडून चौकोनी तुकड्यांत तडकलं होतं, तेव्हाच शंका यायला हवी होती: असं लाकूड कुजवणाऱ्या बुरश्या ऑक्झॅलिक आम्ल भरपूर सोडतात. बुरशी वाढवलेल्या १४ दिवसांच्या माल्ट ब्रॉथचा (माल्टच्या पातळ खाद्याचा) पीएच मीटरवर ३.१ भरला. (स्वस्तातल्या पट्ट्या ५ दाखवत होत्या. फेकून द्या.) मग बॅसिलस सबटिलिस या जीवाणूच्या एकाच प्लेटवर ६ मिमीच्या तीन विहिरी (आगारात पाडलेली भोकं), प्रत्येकीत ५० मायक्रोलिटर. मूळ ब्रॉथ १६ मिमी. कॉस्टिक सोड्यानं पीएच ७ केलेला ब्रॉथ शून्य. बुरशी न लावलेला कोरा ब्रॉथ, ऑक्झॅलिकनं ३.१ वर आणलेला, १५ मिमी. झालं कल्याण.

तरी एखादं संयुग इतकं विरळ असेल की ५० मायक्रोलिटरमध्ये कळणारच नाही. म्हणून पीएच ७ वरच १०० मिलि ब्रॉथचा अर्क इथाइल ॲसिटेट या सॉल्व्हंटनं तीनदा काढला, दर वेळी ५० मिलि. या पीएचला आम्लं क्षार होऊन पाण्यात राहतात, उदासीन रेणू वरच्या सॉल्व्हंटच्या थरात येतात. १९५१ साली बुरशीतून मिळालेलं प्रतिजैविक प्लुरोम्युटिलिन असंच उदासीन. पेनिसिलिनसारखं काही असेल तर मात्र इथे निसटणार. त्याला पीएच २ च्या आसपास आणि बर्फात काढावं लागतं. मध्ये सायीसारखा थर धरला, तो ५ ग्रॅम मिठानं अर्ध्या तासात फुटला. अर्क आचेपासून लांब, गच्चीत पंख्याखाली सुकवून अर्धा मिलि मिथेनॉलमध्ये घेतला, म्हणजे २०० पट. कागदी चकतीवर २० मायक्रोलिटर, अर्धा तास वाळवून.

९ मिमी! चकती ६ ची, म्हणजे कडेला जेमतेम दीड मिमी, पण काचेसारखा स्वच्छ. नुसतं मिथेनॉल शून्य, कोऱ्या ब्रॉथचा अर्कही शून्य.

सॉल्व्हंटसाठी हार्डवेअरवाल्याचा थिनर नको, त्यात टोल्युइनपासून काहीही असतं. एलआर (प्रयोगशाळेच्या) ग्रेडचं इथाइल ॲसिटेट पुरतं. आधी ५० मिलि सुकवून तळाशी काही उरतं का बघा.

पुढे टीएलसी (अर्कातली संयुगं वेगवेगळ्या डागांत पाडणाऱ्या) प्लेटवर बॅसिलसचा थर आणि वर एमटीटी हा रंग: जिवंत भाग जांभळा, कामाचा डाग फिका. हे लिहिताना एम-९ आठवली, ती हिरवी पेनिसिलियम. तिचा झोन पीएच ७ लाही टिकतो, पण तो ग्लुकोज ऑक्सिडेजच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा असू शकतो. १९४० च्या दशकात हेच एन्झाइम 'नोटॅटिन' नावाचं प्रतिजैविक म्हणून गाजलं होतं. तेव्हा टीएलसी थांबली. आधी एम-९ च्या दोन विहिरी, एकीत कॅटॅलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घालून, एकीत न घालता.