सरासरी नको होती, जास्तीत जास्त वेळ हवा होता

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यातला अमोनिया कॉम्प्रेसर जुन्या रिले पॅनेलवरून नव्या कंट्रोलर बोर्डवर घ्यायचा होता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बर्फाला गिऱ्हाईक नाही. जे करायचं ते तेवढ्यातच.

कंट्रोलरच्या प्रोग्रॅमचं मॉडेल युपालमध्ये केलं. मॉडेलच्या सगळ्या शक्यता तपासून घातलेली अट कुठे मोडते का, हे ते सांगतं. उप्साला आणि आल्बोर्ग विद्यापीठांचं हे टूल शिकण्यासाठी फुकट आहे, धंद्यासाठी परवाना घ्यावा लागतो. प्रेशर चढल्यावर ठरल्या वेळेत मोटर प्रत्येक वेळी बंद होतेच का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

अडलं एका आकड्यावर. बोर्ड त्याला जोडलेल्या मीटरशी मॉडबस या पद्धतीने बोलतो. त्यासाठी सोबत आलेल्या तयार लायब्ररीचा सोर्स कोड मिळत नाही. तिचं फंक्शन जास्तीत जास्त किती वेळ घेतं हे कळल्याशिवाय मॉडेलमध्ये भरणार काय? कंपनीच्या सपोर्टचा फॉर्म 'फॉल्ट कोड' टाकल्याशिवाय पुढेच सरकत नाही, आणि माझ्याकडे फॉल्ट नव्हताच! कुठलाही कोड टाकला की त्याचं छापील उत्तर यायचं आणि तक्रार 'निकाली'. फोन लागला तर, "साहेब, टिपिकल 2 मिलिसेकंद धरा." अहो, मीटर उत्तर देत नाहीये, लायब्ररी टाइमआउटपर्यंत ताटकळतेय आणि नेमकं तेव्हाच प्रेशर चढतंय, तेव्हाचा आकडा हवाय मला! शेजारी वस्ती आहे, अमोनिया गळला तर तिकडेच जाणार. हेही लिहून पाठवलं. उत्तर आलं, 'कृपया फॉल्ट कोड द्या'. यात अर्धा जुलै गेला. अजून आठवलं की डोकं तापतं.

शेवटी स्वतःच मोजलं. फंक्शन सुरू होताना एक पिन हाय, संपताना लो, आणि त्या पिनवर ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नल वेळेनुसार दाखवणारं यंत्र. मीटरची वायर काढून, ढिली लावून पाहिली. आलेला आकडा 2 च्या आसपाससुद्धा नव्हता. मोजलेला आकडा म्हणजे हमी नव्हे, म्हणून वर भरपूर वाव ठेवला. मॉडबस वेगळ्या टास्कमध्ये (प्रोग्रॅमच्या स्वतंत्र भागात) खालच्या प्रायॉरिटीवर टाकलं, म्हणजे मोटर बंद करायचं काम त्याच्यासाठी थांबणार नाही. मग युपालने होकार दिला. त्या दिवशी खरंच छाती फुगली.

बोर्ड घेण्याआधीच हा आकडा लेखी मागा. फ्रीआरटॉस (छोट्या बोर्डांवर असे टास्क चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) वापरत असाल तर टास्कमधल्या सामायिक बफरला म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, लावा. बायनरी सेमाफोर या दुसऱ्या प्रकाराला प्रायॉरिटी इनहेरिटन्स नसतो, म्हणजे कुलूप धरून बसलेल्या खालच्या टास्कला थांबलेल्या वरच्या टास्कची प्रायॉरिटी मिळत नाही. सगळे टास्क वेळेत बसतील का याचा नुसता अंदाज हवा असेल तर लियू-लेलँड यांचं 1973 चं गणित पुरतं: एकमेकांवर न अडणारे तीन नियतकालिक टास्क, ज्याची पाळी कमी अंतराने येते त्याला वरची प्रायॉरिटी, आणि प्रोसेसरचा वापर 78 टक्क्यांच्या आत.

आणि हाय-प्रेशर कटआउट (प्रेशर फार चढलं की स्वतःच सर्किट तोडणारा स्विच) मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला थेट सिरीजमध्येच राहू द्या. मालक "आता कशाला?" म्हणत होते, मी काढू दिला नाही.