तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशात चालणारा ट्रेड कोणता?

आयटीआयच्या प्रवेशाचे दिवस आले की पालक हमखास विचारतात, "सर, कोणता ट्रेड घेतला की पोराला बाहेरचं वर्क परमिट मिळेल?" मी सोलापुरात शिल्प निदेशक आहे, फिटर शिकवतो, आणि या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत नाही म्हणून आखडू ठरलो आहे. मी उत्तर टाळत नाही. सरकारे ट्रेड पाहत नाहीत, कामांची वर्गवारी पाहतात, आणि तुमच्या मुलाचा दोन वर्षांचा कोर्स संपेपर्यंत तीही बदललेली असू शकते. ब्रिटनच्या सरकारला स्थलांतराबद्दल सल्ला देणारी मायग्रेशन ॲडव्हायझरी कमिटी टंचाईची यादी, म्हणजे बाहेरची माणसे आणणे सोपे केलेल्या कामांची यादी, सुचवताना तीन गोष्टी तपासत असे: काम पुरेसे कौशल्याचे आहे का, माणसांची खरोखर टंचाई आहे का, आणि ती बाहेरची माणसे आणून भरून काढणे शहाणपणाचे आहे का. मेख तिसऱ्या प्रश्नात आहे. 2016 मध्ये परिचारिकांना यादीत ठेवण्याची शिफारस करताना याच समितीने सुनावले होते की पगार दाबून आणि प्रशिक्षणात हात आखडता घेऊन ही टंचाई बरीचशी घरातच तयार केली गेली आहे. तरी शिफारस केलीच. पुढे 22 जुलै 2025 पासून पदवीच्या पातळीखालची कामे, सरकारच्या खास याद्यांतली काही सोडली तर, तिथल्या स्किल्ड वर्कर व्हिसाच्या नव्या अर्जदारांसाठी बंद झाली.

आता ज्याबद्दल मी आजवर बोललो नाही ते. माझा एक विद्यार्थी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग चालवतो आणि बिघडले की दुरुस्तही करतो. जॅकार्डचा, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच्या यंत्रणेचा, एखादा हुक उचलत नसेल तर मोराच्या पिसाऱ्यात उभी रेघ पडते. ती रेघ पाहून हा वर चढतो आणि नेमका तोच हुक शोधून काढतो. त्याला कॅनडाला जायचे होते. तिथली वर्गवारी हुद्दा पाहत नाही, प्रत्यक्ष केलेली कामे पाहते. माग चालवणारा 94131 या संकेतांकात, म्हणजे टीईईआर 4 मध्ये येतो (टीईईआर म्हणजे कामाला लागणाऱ्या शिक्षण-प्रशिक्षणाची पातळी; आकडा जितका लहान तितकी ती वरची). कारखान्यातली यंत्रे उभारणारा आणि दुरुस्त करणारा मेकॅनिक 72400 मध्ये, टीईईआर 2 मध्ये. तिथे कायमचे राहायला जाण्यासाठीच्या फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत 0 ते 3 पर्यंतचाच अनुभव धरतात. हा मुलगा दिवसभर दोन्ही कामे करतो. मालकाच्या पत्रात मात्र 'लूम चालवणे व देखरेख' एवढेच आले. दुरुस्तीचे काम लिहून द्या म्हटल्यावर मालक म्हणाले, "आज याला मेकॅनिक लिहून दिलं, तर उद्या सगळेच मेकॅनिकचा पगार मागतील." मग तो माझ्याकडे आला. "सर, तुम्हीच संस्थेच्या लेटरहेडवर लिहून द्या ना. खोटं थोडंच आहे?"

खोटे नव्हते. पण मी त्याचा मालक नव्हतो, आणि अनुभवाचे पत्र मालकाचेच लागते. चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर कॅनडा पाच वर्षे दार बंद करतो, हेही मी त्याला सांगितले. त्याची आई विड्या वळते. तीही बरोबर आली होती आणि सगळा वेळ माझ्याकडे न पाहता भिंतीवरच्या मायक्रोमीटरच्या तक्त्याकडे पाहत बसली होती. त्यानंतर तो संस्थेत आलेला नाही.

पूर्वीचा मी म्हणाला असता की माणसाचा हात पाहायचा सोडून कागद पाहणारी पद्धतच अन्यायाची आहे. त्याला मी आज विचारतो की हजारो मैलांवर बसलेल्या अधिकाऱ्याने हात पाहायचा तरी कसा? यावर तो गप्प बसत नाही. मग ज्यांचा पगार रोखीत होतो, ज्यांचा पीएफ कापला जात नाही, त्यांचे कौशल्य कुठे नोंदवायचे, असे तो विचारतो, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नसते.

म्हणून पालकांनो, मी उलट विचारतो: नोकरी लागेल तिथे नेमणूकपत्र मिळेल का, पगार बँकेत जमा होईल का, कामे तपशीलवार लिहून द्यायला मालक तयार असेल का? फिटर घ्यावा की इलेक्ट्रिशियन, हेही मी सांगेन, पण ते इथल्या नोकरीपुरते.