तुम्ही विचारलंत म्हणून : महाराजांची एक सही आणि अमेरिकेची शंभर वर्षं

जूनमध्ये शाहू जयंतीची व्याख्यानं सुरू झाली की हा प्रश्न हमखास येतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ साली एका हुकमात संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. मग एवढ्या मोठ्या अमेरिकेला गुलामगिरी संपल्यावरही काळ्या माणसाला मत द्यायला आणि हॉटेलात बसू द्यायला शंभर वर्षं का लागली? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘महाराज थोर, ते कोते’ एवढंच ऐकायचं असतं. महाराज थोरच. पण करवीर दरबारात सही करणारा एकच होता. वॉशिंग्टनमध्ये कागद किती टेबलांवर अडतो, ते पाहिल्याशिवाय या तुलनेला अर्थ नाही.

आधी आपलाच हुकूम नीट वाचा. २६ जुलै १९०२ च्या त्या हुकमातली ५० टक्क्यांची ओळ सगळ्यांना पाठ असते. तिच्या पुढचं फारसं कुणी सांगत नाही. ज्या कचेरीत मागासवर्गीयांचं प्रमाण निम्म्याहून कमी, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची. आणि प्रत्येक खातेप्रमुखानं झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करायचा. माझ्या मते हुकमाचा सगळा जीव त्या तक्त्यात आहे. तिमाहीला कागद दाखवायचाय म्हटल्यावर ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणायला जागा उरत नाही.

अमेरिकेत नेमकं तेच राहून गेलं. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल सुप्रीम कोर्टानं १७ मे १९५४ ला दिला. वर्षभरानं अंमलबजावणीचा आदेश आला, त्यात मुदत नव्हती आणि तक्ताही नव्हता. दक्षिणेतल्या राज्यांना आणखी काय हवं होतं? १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकला गोऱ्यांच्या शाळेत निघालेल्या नऊ काळ्या मुलांना अडवायला गव्हर्नर फॉबस यांनी राज्याचे नॅशनल गार्ड उभे केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे हजारभर जवान धाडले. फोटो जगभर गेले. पण गावोगावच्या शाळांवर पलटण कशी पाठवणार? निकालाला दहा वर्षं झाली तेव्हा दक्षिणेत गोऱ्यांबरोबर शिकणारी काळी मुलं शंभरात जेमतेम दोन-तीन होती.

पलटणीला जे जमलं नाही ते पैशानं केलं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणात म्हटलंय की केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेनं भेदभाव केला तर पैसा बंद. पुढच्याच वर्षी केंद्रानं शाळांसाठी अब्जभर डॉलरचं अनुदान काढलं, त्यामुळे बंद करण्याजोगं काहीतरी हातात आलं. कोर्टही तोवर कडक झालं होतं. १९६८ मध्ये तोच आकडा ३२ टक्क्यांवर गेला. अनुदान थांबलं की संस्थाचालकाची झोप कशी उडते, हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको.

हॉटेलांचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. महाराज अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात स्वतः चहा घेत. अख्ख्या शहराला काय ते कळायचं. अमेरिकेत १८७५ मध्येच हॉटेलं, नाटकगृहं खुली करणारा कायदा झाला होता. १८८३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो मोडीत काढला: सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खासगी हॉटेलवाल्याला नाही. आपल्याकडे घटनेच्या कलम १५ (२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव थेट लिहून ठेवले आहेत, म्हणून आपल्याला हा वळसा घ्यावा लागला नाही. त्यांनी वाट काढली ती व्यापारातून. राज्याराज्यांमधल्या व्यापारावर केंद्राचा अधिकार चालतो, म्हणून १९६४ चा कायदा त्यावर उभा केला. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या ऑलीज बार्बेक्यू या हॉटेलानं कोर्टात सांगितलं की आमची गिऱ्हाइकं गावातलीच, आमचा बाहेरच्या राज्यांशी काय संबंध? सरकारनं खरेदीचा हिशेब मांडला. वर्षाला सुमारे दीड लाख डॉलरचा माल गावातच घेतलेला, पण त्यातलं ६९,६८३ डॉलरचं मांस गावातल्या व्यापाऱ्यानं दुसऱ्या राज्यातून आणलेलं. म्हणजे आपल्या एखाद्या खाणावळीचा तांबडा रस्सा कितीही अस्सल कोल्हापुरी असला, तरी ब्याडगी मिरची कर्नाटकातून आली की धंदा दोन राज्यांचा झाला. डिसेंबर १९६४ मध्ये हॉटेल हरलं. माणसाच्या अब्रूचा प्रश्न मांसाच्या बिलावर सुटावा हे विचित्र वाटतं, पण जो अधिकार हातात असतो त्यानंच सरकारला काम करता येतं.

हा कायदा होईपर्यंत काय काय झालं, तेही बघा. मे १९६३ मध्ये बर्मिंगहॅमला मोर्चा काढणाऱ्या काळ्या शाळकरी पोरांवर कुत्री आणि बंबाचे फवारे सोडले, तेव्हा कुठे जूनमध्ये केनेडी सरकारनं विधेयक आणलं. सिनेटमध्ये ज्या समितीकडे ते जायचं तिचे अध्यक्ष मिसिसिपीचे ईस्टलंड, अशा कायद्यांचे कट्टर विरोधक, म्हणजे तिथे ते कुजलं असतं. म्हणून समिती टाळून थेट सभागृहात नेलं. तिथे दक्षिणेचे सिनेटर न थांबता बोलत राहिले; त्यांना गप्प करायला शंभरातली ६७ मतं लागत. १० जून १९६४ ला ७१ मिळाली आणि २ जुलैला जॉन्सन यांची सही झाली. याच सरकारचं एफबीआय त्या काळात मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन चोरून ऐकत होतं, आणि १९६३ मध्ये त्याला मंजुरी दिली होती ती अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी. सरकारच्या एका हातानं काय चाललंय यावरून दुसऱ्या हाताचा अंदाज बांधू नये.

मताच्या हक्कात मात्र अमेरिकेनं शेवटी महाराजांसारखाच तक्ता मागितला. अलाबामातलं सेल्मा गाव ज्या डॅलस काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे तिथे मतदार नोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच सोमवारी उघडायची. अर्जदाराला घटनेतला एखादा भाग समजावून सांगायला लावायचे, आणि पास-नापास ठरवणार रजिस्ट्रार. केंद्राच्या न्याय खात्यानं खटला भरला. अशा एका खटल्यासाठी जुनी दप्तरं चाळण्यात सहा-सहा हजार तास जात. कोर्टानं दोनदा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. चार वर्षांनी हिशेब काय? वयात आलेली काळी माणसं सुमारे १५,००० आणि नोंदणी १५६ वरून ३८३. खटला जिंकला की रजिस्ट्रार नवी परीक्षा काढायचा आणि पहिल्यापासून सुरुवात.

७ मार्च १९६५ ला सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपलं, ते देशानं टीव्हीवर पाहिलं, आणि ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. त्यात कुणाची नियत तपासायची भानगडच ठेवली नाही. दोन गोष्टी बघायच्या. १ नोव्हेंबर १९६४ ला नोंदणीसाठी परीक्षेची अट होती का, आणि त्या वेळची नोंदणी किंवा त्या महिन्यातलं मतदान निम्म्याहून कमी होतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की परीक्षा बंद, गरज पडेल तिथे नोंदणीला केंद्राचे अधिकारी, आणि मतदानाचा कुठलाही नियम बदलायचा तर आधी वॉशिंग्टनची मंजुरी. बदलानं कुणाचं नुकसान होत नाही, हे आता राज्यानं दाखवायचं. मिसिसिपीत काळ्या मतदारांची नोंदणी आधी शंभरात सातही नव्हती. १९६७ मध्ये ती साठाच्या घरात गेली.

जून २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या दोन प्रश्नांचं सूत्र जुन्या आकड्यांवर बेतलेलं म्हणून रद्द केलं. मंजुरीचं कलम पुस्तकात आहे, पण ते कुणाला लावायचं हे ठरवणारं सूत्रच नाही. टेक्सासनं त्याच दिवशी जाहीर केलं की अडकून पडलेला आपला मतदार ओळखपत्राचा कायदा आता लागू होईल. ज्याला तो जाचला त्यानं पुन्हा आपापला खटला भरायचा.