शोकाच्या घरातील टोपल्या

ठाण्यातील माझ्या बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातील यहुदी समाजातल्या, मित्राचे वडील गेले, तेव्हा शिवाच्या तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. हिब्रूमध्ये शिवा म्हणजे सात. दफनानंतरचे सात दिवस जवळचे नातेवाईक कामधंदा सोडून घरीच बुटक्या आसनांवर बसतात. मित्राच्या सदऱ्याचा डावा काठ छातीपाशी फाडलेला होता, कारण आई-वडिलांसाठी वस्त्र हृदयाच्या बाजूलाच फाडायचे असते. भेटीला आलेल्याने आपण होऊन बोलू नये, दुःखी माणूस बोलेपर्यंत थांबावे, असा दंडक आहे. सांत्वनाची वाक्ये वाटेत जुळवत आलेल्या मला त्या दंडकाचा फार आधार वाटला. दफनानंतरचे पहिले जेवण शेजाऱ्यांनी आणायचे असते आणि त्यात अंडी किंवा मसूर असतात. मसुराला जसे तोंड नसते, तसे शोक करणाऱ्यालाही नसते, असे जुने धर्मपंडित सांगत.

या जेवणाविषयी तालमूद या प्राचीन यहुदी धर्मग्रंथात आलेला एक तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. पूर्वी श्रीमंतांच्या घरी ते सोन्या-चांदीच्या टोपल्यांतून आणि गरिबांच्या घरी सोललेल्या काड्यांच्या टोपल्यांतून नेत असत. गरिबांना त्याची लाज वाटू लागली, तेव्हा सर्वांसाठीच काड्यांच्या टोपल्या वापराव्यात असे ठरले. दफनाचा खर्च तर इतका वाढला होता की मृत्यूपेक्षा तोच नातेवाइकांना जड जाई आणि काही जण प्रेत टाकून पळून जात. अखेर रब्बान गमलिएल या धर्मपंडितांनी स्वतःची अंत्ययात्रा साध्या तागाच्या वस्त्रात काढायला लावली आणि लोकांनी तोच पायंडा उचलला. आजही प्रेताला स्नान घालून साधे पांढरे, बिनखिशाचे कफन नेसवतात. आपल्याकडे तेराव्याच्या पंगतीसाठी कर्ज काढणारी घरे मी पाहिली आहेत, म्हणून हा निर्णय मला विशेष भिडतो.

शिवा संपल्यावरही दफनापासून तीस दिवसांपर्यंत केस कापत नाहीत आणि आई-वडिलांसाठी अकरा महिने कद्दिश म्हणतात. बहुतांशी अरामी भाषेतील या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही, केवळ ईश्वराची स्तुती आहे. मात्र ती एकट्याने म्हणता येत नाही, पारंपरिक रीतीनुसार दहा प्रौढ यहुदी पुरुष जमावे लागतात. बेने इस्रायलींपैकी बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेल्यामुळे हे दहा जण जमवताना मित्राला रोज फोन करावे लागतात. परवा मी त्याच्याबरोबर सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, गेलो होतो. नऊ जण आले होते आणि माझी गणना त्यांत होत नसल्याने आम्ही सगळे दाराकडे पाहत बसलो होतो.